म्युनिक मागे का फिरले?

म्युनिकच्या नगरसभेने २८ मे २००३ रोजी आपल्या सुमारे १४,००० संगणकांवर लिनक्स आणायचे ठरवले. विंडोज एनटी ४ ची मुदत संपत आली होती आणि बदल अटळ होता. महापौर क्रिस्तिआन ऊडे यांचे मन वळवायला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर सुट्टी सोडून आले, तरी निर्णय टिकला. २००६ मध्ये प्रत्यक्ष बदल सुरू झाला आणि २०१३ पर्यंत बहुतेक कचेऱ्या ‘लिमक्स’ या शहराच्या स्वतःच्या लिनक्स आवृत्तीवर आल्या. मग २०१७ मध्ये त्याच नगरसभेने विंडोजकडे परतायचे ठरवले. तेव्हापासून ही कहाणी एकाच गोष्टीचा पुरावा म्हणून सांगितली जाते: लिनक्सला यंत्रे ओळखता येत नाहीत, कचेरीच्या कामाला ते कच्चे आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. हार्डवेअरची अडचण खरी होती, पण म्युनिक मागे फिरले तोवर तिचा मोठा भाग सुटलेला होता.

ती अडचण आली कुठून, हे पाहिले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्वस्त मोडेम निघाले, त्यांत चिपचे बरेचसे काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असे. लिनक्सवर ते निर्जीव ठरत. पुढे वाय-फाय कार्डांचे तेच झाले. उत्पादक चिपची माहिती देत नसत, म्हणून लोक ‘एनडीआयएसरॅपर’ वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवत. म्हणजे उणीव प्रणालीच्या कुवतीत नव्हती, माहिती दडवण्यात होती. आणि ती भरून निघाली तीही व्यापारी गरजेपोटी. छपाईची ‘कप्स’ ही व्यवस्था १९९९ मध्ये लिनक्ससारख्या प्रणालींसाठी आली. ॲपलने ती मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये विकतच घेतली. २०१० मध्ये आयफोनवरून थेट छापता यावे म्हणून एअरप्रिंट आले आणि ड्रायव्हरविना चालणारे प्रिंटर बाजारात वाढू लागले. फोनसाठी झालेल्या या सोयीचा लाभ लिनक्सच्या संगणकांनाही मिळाला. त्याच वर्षी ब्रॉडकॉमने आपल्या नव्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर खुला केला.

मग म्युनिकला जाचले काय? कागद आणि कारभार. विभागांकडे हजारो नमुनापत्रे व मॅक्रो होती, वर्डसाठी लिहिलेली. त्यांच्यासाठी ‘वोलमक्स’ नावाचे साधन शहराला स्वतः घडवावे लागले. बाहेरून येणाऱ्या फायलींची मांडणी उघडताना बिघडे. शिवाय संगणक सांभाळणारी यंत्रणा विभागाविभागांत विखुरलेली. २०१६ मध्ये शहराने ॲक्सेंचरकडून पाहणी करून घेतली. मायक्रोसॉफ्टबरोबर भागीदारीत कंपनी चालवणाऱ्या या सल्लागारांनाही मुख्य दोष संघटनेच्या रचनेतच दिसला. तरीही मधल्या काळात महापौर बदलले होते, आणि दोष प्रणालीच्या माथी मारणे सोपे गेले.

फ्रान्सच्या जाँदार्मरीची वाट याहून वेगळी होती. या निमलष्करी पोलीस दलाने २००५ मध्ये आधी फक्त ओपनऑफिस हे कचेरीच्या कामाचे खुले सॉफ्टवेअर आणले, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. माणसांचा हात बसल्यावर २००८ पासून उबुंटू हे लिनक्स. नवे संगणक घेताना उबुंटू टप्प्याटप्प्याने बसत गेले. जुन्या विंडोज यंत्रावर लिनक्स चढवून प्रिंटर न चालल्याची तक्रार करण्यापेक्षा, चालणारे यंत्रच मागवणे हा फरक मला निर्णायक वाटतो. यावर आक्षेप येईल की तिथे वरून हुकूम सुटतो, महापालिकेत नगरसेवक असतात आणि छोट्या व्यापाऱ्याकडे तर संगणक-विभागच नसतो. आक्षेप रास्त आहे. ज्याचा हिशेब फक्त विंडोजवर चालणाऱ्या टॅलीत आहे किंवा ज्याच्या मोजमापाच्या यंत्राला विंडोजचाच ड्रायव्हर मिळतो, त्याने आज लिनक्सवर जाऊ नये. प्रणाली कितीही चांगली असली तरी त्याचे काम अडेल. पण त्यावरून प्रणाली अपक्व ठरत नाही. ते बंधन विक्रेत्याने घातलेले आहे, आणि मोठ्या खरेदीदाराने खरेदीपत्रात लिनक्सवर चालण्याची अट लिहिली तर ते सैल होते. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांबाबत लिनक्सकडे जायचा निर्णय पुन्हा घेतला, आणि तोही फ्रेंच क्रमाने: आधी लिब्रेऑफिस, लिनक्स नंतर.