सपाट आरशातील प्रतिमा

सपाट आरसा (समतल आरसा) म्हणजे ज्याचा परावर्तक पृष्ठभाग वक्र नसून एकाच प्रतलात असतो असा आरसा. अशा आरशासमोर ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा आभासी, सुलट, वस्तूइतक्याच आकाराची आणि आरशामागे वस्तूइतक्याच अंतरावर तयार होते. सपाट आरशात केवळ आभासी प्रतिमाच मिळू शकते, असा समज प्रचलित आहे. मात्र तो अपुरा आहे. आरशावर पडणारे किरण एकत्र येत असतील, म्हणजेच अभिसारी असतील, तर सपाट आरसाही पडद्यावर घेता येणारी वास्तव प्रतिमा तयार करतो. परावर्ती दूरदर्शी आणि एकभिंगी परावर्ती कॅमेरा ही उपकरणे याच गुणधर्मावर अवलंबून आहेत.

वास्तव व आभासी प्रतिमा

वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण परावर्तनानंतर किंवा अपवर्तनानंतर प्रत्यक्ष एका बिंदूत मिळत असतील, तर त्या बिंदूस वास्तव प्रतिमा म्हणतात. त्या ठिकाणी पडदा धरल्यास प्रतिमा त्यावर उमटते. किरण प्रत्यक्षात न मिळता, मागे वाढवल्यावर एका बिंदूतून आल्यासारखे भासत असतील, तर ती आभासी प्रतिमा होय. तिच्या जागी प्रकाश पोहोचतच नसल्याने ती पडद्यावर घेता येत नाही. या दोन प्रकारांतील भेद योहानेस केप्लर याने १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात स्पष्ट केला.

आभासी प्रतिमेची निर्मिती

परावर्तनाच्या नियमांनुसार आपाती किरण, परावर्तित किरण आणि आपतन बिंदूपाशी आरशावर काढलेली स्तंभिका एकाच प्रतलात असतात, तसेच आपतन कोन व परावर्तन कोन समान असतात.

आरशासमोरील 'व' या बिंदूतून आरशावर टाकलेला लंब आरशास 'म' बिंदूत मिळतो असे मानू. 'व' पासून निघालेला एक किरण आरशावर 'क' या बिंदूशी परावर्तित होतो. परावर्तित किरण आरशामागे वाढवल्यास तो 'वम' या रेषेच्या वाढवलेल्या भागास 'प' बिंदूत छेदतो. त्रिकोण 'वमक' आणि त्रिकोण 'पमक' यांत 'मक' ही बाजू सामाईक आहे, 'म' पाशी दोन्हींत काटकोन आहे आणि परावर्तनाच्या नियमामुळे 'क' पाशी होणारे कोनही समान आहेत. त्यामुळे हे त्रिकोण एकरूप ठरतात आणि 'वम' व 'पम' ही अंतरे समान येतात. 'क' हा बिंदू आरशावर कोठेही घेतला तरी हाच निष्कर्ष निघतो. म्हणून 'व' पासून निघालेले सर्व परावर्तित किरण 'प' या एकाच बिंदूतून आल्यासारखे दिसतात. गोलीय आरशांत आढळणारे प्रतिमेचे दोष आदर्श सपाट आरशात नसतात, त्याचे कारण हेच आहे.

आभासी प्रतिमा डोळ्यांना दिसते किंवा कॅमेऱ्याने टिपता येते, कारण आरशाकडून येणाऱ्या अपसारी किरणांना डोळ्यातील किंवा कॅमेऱ्यातील भिंग एकत्र आणते आणि दृष्टिपटलावर किंवा फिल्मवर वास्तव प्रतिमा तयार करते. आरशापासून १ मीटर अंतरावर उभे राहून स्वतःचे छायाचित्र घेताना कॅमेरा २ मीटर अंतरासाठी जुळवावा लागतो, १ मीटरसाठी नव्हे.

वास्तव प्रतिमेची निर्मिती

प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो. वरील आकृतीत आरशामागील 'प' बिंदूकडे जाणारे अभिसारी किरण आरशावर पाडले, तर परावर्तनानंतर ते आरशासमोरील 'व' बिंदूत प्रत्यक्ष मिळतात. येथे 'प' ही आभासी वस्तू असून 'व' ही तिची वास्तव प्रतिमा आहे.

उदाहरणार्थ, ३० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग दूरच्या देखाव्याची प्रतिमा आपल्यामागे ३० सेंमी अंतरावर तयार करते. भिंगामागे २० सेंमी अंतरावर, अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून सपाट आरसा ठेवल्यास किरण उरलेले १० सेंमी अंतर सरळ न जाता बाजूला वळून कापतात. त्या ठिकाणी कागद धरल्यास देखाव्याची प्रतिमा कागदावर स्पष्ट दिसते. किरण एकत्र आणण्याचे काम येथे भिंग करते. आरसा केवळ त्यांची दिशा बदलतो, त्यांचे अभिसरण वाढवत किंवा घटवत नाही.

आरशाच्या सूत्रातही हे दिसून येते. सपाट आरशाचे नाभीय अंतर अनंत मानले जाते, त्यामुळे प्रतिमेचे अंतर वस्तूच्या अंतराइतकेच पण विरुद्ध चिन्हाचे येते. वस्तू वास्तव असेल तर प्रतिमा आभासी आणि वस्तू आभासी असेल तर प्रतिमा वास्तव असते. दोन्ही बाबतींत विशालन १ असते.

वैशिष्ट्ये

• बाजूंची अदलाबदल : आरशात उजवा हात डावा भासतो. वास्तविक आरसा डावी-उजवी बाजू बदलत नसून आरशास लंब असलेली, म्हणजे पुढची-मागची दिशा उलटवतो. रुग्णवाहिकेच्या पुढील भागावर अक्षरे उलटी लिहिलेली असतात, ती पुढच्या वाहनचालकास त्याच्या आरशात सुलट वाचता यावीत म्हणून.

• आरशाची उंची : उभ्या आरशात संपूर्ण शरीर दिसण्यासाठी आरसा उंचीच्या निम्मा असला तरी पुरतो. १६० सेंमी उंचीच्या व्यक्तीचे डोळे १५० सेंमी उंचीवर असतील, तर जमिनीपासून ७५ ते १५५ सेंमी या दरम्यानचा ८० सेंमीचा आरसा पुरेसा होतो. आरशापासूनच्या अंतराचा यावर परिणाम होत नाही.

• आरशाचे फिरणे : आपाती किरण स्थिर ठेवून आरसा आपाती प्रतलात ठरावीक कोनातून फिरवल्यास परावर्तित किरण त्याच्या दुप्पट कोनातून फिरतो. नौकानयनात वापरले जाणारे सेक्स्टंट हे उपकरण या तत्त्वावर चालते.

• अनेक प्रतिमा : परस्परांशी ९० अंशांचा कोन करणाऱ्या दोन आरशांत ३, तर ६० अंशांच्या कोनात ५ प्रतिमा दिसतात. आरसे समांतर असल्यास तत्त्वतः असंख्य प्रतिमा तयार होतात. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश शोषला जात असल्याने त्या क्रमाने अंधूक होत जातात.

रचना

घरगुती आरशात काचेच्या मागील बाजूस चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. काचेच्या पुढील पृष्ठभागावरूनही थोडा प्रकाश परावर्तित होत असल्याने मुख्य प्रतिमेसोबत एक फिकट प्रतिमा तयार होते. जाड काचेत तिरकस पाहिल्यास ती सहज दिसते. हा दोष टाळण्यासाठी प्रकाशीय उपकरणांत पुढील पृष्ठभागावर धातूचा थर दिलेले आरसे वापरतात. केरळमधील आरन्मुळा येथे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूपासून घडवला जाणारा पारंपरिक आरसाही पुढील पृष्ठभागावरूनच परावर्तन करतो.

उपयोग

आयझॅक न्यूटन याने १६६८ साली बनवलेल्या परावर्ती दूरदर्शीत अंतर्वक्र आरशाकडून येणारे अभिसारी किरण नाभीपाशी पोहोचण्यापूर्वी एका लहान सपाट आरशाने नळीच्या बाजूस वळवले जातात. तेथे तयार होणारी वास्तव प्रतिमा नेत्रिकेतून पाहता येते. ही सोय नसती तर प्रतिमा पाहणाऱ्याचे डोकेच येणारा प्रकाश अडवील.

एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंगामागील तिरपा आरसा किरणांना वर वळवून खरखरीत काचेच्या पडद्यावर वास्तव प्रतिमा तयार करतो. हा पडदा आरशापासून फिल्मइतक्याच अंतरावर असतो, त्यामुळे पडद्यावर प्रतिमा स्पष्ट असल्यास फिल्मवरही ती स्पष्ट उमटते. छायाचित्र घेताना आरसा क्षणभर वर उचलला जातो.

परिदर्शी आणि डेव्हिड ब्रूस्टर याचा शोभादर्शी यांत मात्र सपाट आरशांच्या आभासी प्रतिमांचा उपयोग केलेला असतो.

हे सुद्धा पहा

• प्रकाशाचे परावर्तन
• गोलीय आरसा
• भिंग
• दूरदर्शी