इराणचा राजपुत्र पुण्यात

१० सप्टेंबर २०२०. करोनाचे पहिले वर्ष. देशातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत पुण्याचे नाव अग्रभागी होते, कार्यालये ओस होती आणि संगणकावर काम करणारी सारी मंडळी घरातल्या मेजाशी खिळलेली होती. त्या दिवशी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या ऑनलाइन सोहळ्यात एक ट्रेलर झळकला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा रीमेक येणार, अशी ती घोषणा होती. आणि हा खेळ घडत होता कुठे? पुण्यात आणि मुंबईत.

भारतीय स्टुडिओंनी इतक्या मोठ्या जागतिक मालिकेतील खेळाचे नेतृत्व करावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. अभिमानाचे दोन शब्द उमटलेही. पण काही तासांतच जगभरच्या चाहत्यांनी ट्रेलरची चिरफाड सुरू केली. चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात, प्रकाश सपाट आहे, रंग भडक आहेत, आपल्या आठवणीतला राजपुत्र हा नव्हेच, असा सूर लागला. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा अत्यंत देखणा जपानी पार्श्वभूमीचा खेळ आला होता. त्याच्याशी तुलना होणे अटळ होते. जाहीर झालेली किंमत ४० डॉलर, म्हणजे नेहमीच्या मोठ्या खेळापेक्षा कमी. काहींना त्यात प्रामाणिकपणा दिसला, तर काहींना कबुली. चर्चेचा एक प्रवाह मात्र याहून कडवट होता: स्वस्तात उरकायचे म्हणून काम भारताकडे ढकलले, असे म्हणणाऱ्यांचा.

हा राग समजून घ्यायचा तर मालिकेच्या आरंभाकडे जावे लागते.

जॉर्डन मेकनर हा न्यूयॉर्कचा तरुण. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले आणि ते चित्रित केले. मग त्या चित्रफितीतील एकेक हालचाल चौकटीगणिक गिरवून ॲपल-२ संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत वडिलांनी रचले. घरगुती म्हणावा असाच हा उद्योग होता, आणि तो चार वर्षे चालला. ऑक्टोबर १९८९ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा मेकनर २५ वर्षांचा होता.

कथा जुनीच: सुलतान मोहिमेवर, दुष्ट वजीर जाफर राजकन्येला कैदेत टाकतो, तळघरात अडकलेल्या नायकाकडे ६० मिनिटे. पण त्यातला माणूस खऱ्या माणसासारखा धावत होता. कड्याला बोटांनी लोंबकळताना त्याचे वजन जाणवत होते, पडला की हाडे मोडल्यासारखी वाटत होती. तोवर पडद्यावरची बाहुली मेली तरी कोणाला काही वाटत नसे. इथे वाटू लागले.

या खेळातील सर्वांत संस्मरणीय पात्र टंचाईतून जन्मले, हेही सांगण्यासारखे आहे. यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत दुसरा योद्धा रेखाटायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे गणिती युक्तीने उलटसुलट करून एक झिलमिलती छाया उभी केली. आरशातून उडी मारताना ही छाया नायकापासून वेगळी होते आणि पुढे त्याच्या वाटेत आडवी येते. तिला तलवारीने मारू जावे तर स्वतःलाच इजा होते. तलवार म्यान करूनच तिला आपल्यात सामावून घ्यावे लागते. अद्वैताचे इतके सोपे प्रात्यक्षिक पोथीतही क्वचित सापडावे.

अमेरिकेत आरंभीची विक्री बेताचीच झाली. पुढे इतर संगणकांसाठी आवृत्त्या निघाल्या आणि खेळ जगभर पोहोचला. भारतात नव्वदच्या दशकात शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत ज्या मुलांनी डॉसच्या काळ्या पडद्यावर 'प्रिन्स' एवढी अक्षरे टंकली, त्यांच्यातील अनेकांची व्हिडिओ गेमशी पहिली ओळख तीच. विकत घेतलेली प्रत कोणी पाहिली असेल तर तो भाग्यवान. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नक्कल हाच प्रसाराचा मार्ग.

१९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ मधील त्रिमितीय प्रयोग सपशेल फसला आणि मालिका संपली असेच वाटले. मग युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने मेकनरला सोबत घेऊन २००३ साली 'सँड्स ऑफ टाइम' सादर केला.

मराठी वाचकाने येथे जरा थांबावे, कारण या खेळाची कथा इराणात नव्हे, भारतात सुरू होते. राजपुत्राचा बाप शहरमान आपल्या सैन्यासह आझादच्या सुलतानाकडे निघाला आहे. वाटेत एका महाराजाच्या वजिराने फितुरी केल्यामुळे हे सैन्य महाराजाचे राज्य लुटते. लुटीत एक प्रचंड वाळूचे घड्याळ, काळ मागे फिरवणारा खंजीर आणि महाराजाची कन्या फराह हाती लागतात. वजिराच्या चिथावणीने राजपुत्र तो खंजीर घड्याळात खुपसतो, वाळू सुटते आणि माणसांची पिशाच्चे होतात. पुढचा सारा खेळ म्हणजे एका लुटारूने आपल्याच लुटीचे परिणाम निस्तरणे, आणि तेही जिचे घर लुटले तिच्या मदतीने.

सांगण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी. राजपुत्र ही कथा स्वतः कोणाला तरी सांगतो आहे. खेळणाऱ्याच्या चुकीने तो दरीत कोसळला, तर निवेदक गडबडून म्हणतो की छे, असे काही झालेच नव्हते, आणि खेळ पुन्हा मागून सुरू होतो. खेळातला मृत्यू म्हणजे कथेकऱ्याची चुकलेली ओळ, ही कल्पना शहरजादच्या वंशातलीच.

आणि तो शब्द. लहानपणी भीती वाटली की उच्चारायला फराहला आईने एक गुप्त शब्द दिलेला असतो. तो म्हटला की दार उघडते. तो शब्द आहे 'काकोलुकिया'. पाश्चात्त्य खेळाडूला तो निरर्थक मंत्र वाटेल. पंचतंत्र चाळलेल्या माणसाला मात्र तिसऱ्या तंत्राचे नाव तात्काळ आठवते: काकोलूकीय, कावळे आणि घुबडे यांच्या वैराची कथा. शत्रूच्या गोटात शिरून विश्वास संपादन करावा आणि आतून किल्ला जाळावा, हे त्या तंत्राचे सार. महाराजाच्या फितूर वजिराशी ते किती जुळते, हे वेगळे सांगायला नको.

हा शब्द फिरत फिरत कोणत्या वाटेने गेला असेल? सहाव्या शतकात इराणच्या खुसरो बादशहाच्या दरबारातील बुरझोय या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यावरून अरबीत 'कलीला व दिम्ना' रचले. अरबी कथांची दुसरी धारा, म्हणजे सहस्र रजनींची, युरोपात जाऊन इंग्रजीत आली आणि इंग्रजीतून पुण्यात उतरली: कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली, पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम चालू ठेवले. मेकनरच्या कल्पनेचा झराही सहस्र रजनींचाच. वजीर, राजकन्या, तळघर, काळाचा पहारा, हे सारे सामान पुण्याच्या वाचकाच्या घरात दीडशे वर्षांपासून पडून आहे. २०२० साली हा राजपुत्र पुण्यात आला तो अनोळखी पाहुणा म्हणून आला नव्हता.

चाहत्यांच्या भांडणांकडे परत येऊ. ही जमात मुळातच भांडखोर. २००४ च्या 'वॉरियर विदिन'मध्ये राजपुत्र रक्तपिपासू आणि शिवराळ झाला, पार्श्वभूमीला कर्कश मेटल संगीत आले, तेव्हा एक तट तेथेच पडला. खुद्द मेकनरनेही तो बदल आपल्याला रुचला नसल्याचे उघडपणे सांगितले. दुसरा तट म्हणतो की लढाई खरी रंगली ती याच भागात. २००५ मध्ये त्रयी संपली. २००८ च्या नव्या कथेत नायक एलिकाचे बलिदान स्वतःच्या हाताने निष्फळ करतो. त्या शेवटावर आजही एकमत नाही.

सर्वांत खोल जखम निराळीच. राजपुत्राच्या पुढच्या खेळाची जुळवाजुळव मॉन्ट्रियलमध्ये चालू असताना त्यातूनच मारेकऱ्यांच्या पंथाची कल्पना फुटली आणि २००७ साली 'असॅसिन्स क्रीड' नावाने स्वतंत्र खेळ झाला. तो इतका चालला की कंपनीचे सारे बळ तिकडे वळले. २०१० मधील 'फरगॉटन सँड्स'नंतर राजपुत्राचा मोठा खेळ दहा वर्षे आलाच नाही. लेकराने आईचे दूध तोडले, अशी चाहत्यांची भावना होती. २०२० च्या ट्रेलरवर जो राग कोसळला, त्यात या दशकभराच्या उपासाचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या माथी आलेला सगळाच दोष पुण्याचा नव्हता.

पुण्यातील स्टुडिओ युबिसॉफ्टकडे आला तो २००८ साली, गेमलॉफ्ट या भगिनी कंपनीकडून. मुंबईचा स्टुडिओ २०१८ चा. मोठ्या खेळांच्या धंद्यात अशा शाखांना कोणती कामे मिळतात? दुसऱ्यांनी रचलेल्या खेळातील दोष हुडकणे, एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर चालता करणे, 'जस्ट डान्स'सारख्या वार्षिक मालिकांना हातभार लावणे. हे काम कौशल्याचे असते, पण त्यात निर्णय दुसरीकडे होतात. चेहरा कसा हसावा, भिंतीवर ऊन किती पडावे, कोणता प्रसंग गाळावा, हे ठरवण्याची सवय फक्त ठरवूनच लागते. ती पहिली संधी या मंडळींना मिळाली ती जगाच्या आठवणीत कोरलेल्या खेळावर, महामारीच्या वर्षात. चाहत्यांच्या डोक्यात २००३ चा खेळ जसा दिसतो तसा तो २००३ मध्येही दिसत नव्हता. रीमेक करणाऱ्याला त्या खेळाशी नव्हे, त्याच्या आठवणीशी झुंजावे लागते. अनुभवी स्टुडिओलाही ते जड जाते. तरीही ट्रेलरमधील चेहरे खरोखरच ओबडधोबड होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अपुऱ्या तयारीचे चित्रण जगापुढे ठेवण्याचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न चाहत्यांनी कंपनीला विचारायला हवा होता. तो विचारला गेला पुण्याला.

योगायोग असा, की त्याच्या तीनच आठवडे आधी, १८ ऑगस्ट २०२० रोजी, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' निन्टेन्डो स्विचवर आला होता. जत्रेतली एक मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ, आणि दुर्गा व विष्णू यांचे निवेदन. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. खेळ छोटा, शेवट काहीसा अपुरा. पण राजस्थानी वाड्यांवरून आणि भिंतींवरून धावणाऱ्या राजीला पाहून समीक्षकांना जो जुना खेळ आठवला, तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च. वर्षाअखेरीस गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. एकाच शहरातून, एकाच ऋतूत, एकाच परंपरेतले दोन खेळ जगापुढे गेले. कर्त्यांनी स्वतः ठरवलेल्या खेळाला त्याच्या उणिवांसह माया मिळाली. दुसऱ्याच्या तुलनेला तीच सवलत नव्हती.

पुढचे लवकर सांगता येते. २१ जानेवारी २०२१ ही तारीख १८ मार्चवर गेली आणि फेब्रुवारीत ती तारीखही मागे घेण्यात आली. मे २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केले की काम मॉन्ट्रियलकडे सोपवले आहे. पुणे व मुंबईच्या संघांनी रचलेल्या पायावर पुढे जाऊ, अशी पुस्ती जोडली होती. ज्या चाहत्यांनी ही मागणी लावून धरली होती, त्यांना तो विजय वाटला. मालिकेला उभारी देणारा 'द लॉस्ट क्राउन' जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधील मोंपेलिए येथून आला. त्याच वर्षी जूनमध्ये रीमेकसाठी २०२६ हे साल सांगण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीच्या मोठ्या फेररचनेत तो रद्दच झाला.

म्हणजे मॉन्ट्रियलला साडेतीन वर्षांहून अधिक अवधी मिळाला, घरचा अनुभव मिळाला, आणि तरीही खेळ उभा राहिला नाही. यानंतरच्या चर्चांत पुण्याचा ट्रेलर पुन्हा वर आला. काहीजण तो आता निराळ्या नजरेने पाहू लागले आहेत: निदान काहीतरी दिसले होते, अशा नजरेने.

२००३ चा मूळ खेळ आजही संगणकावर अल्प किमतीत मिळतो. नव्या रुंद पडद्यांवर तो नीट चालत नाही, म्हणून चाहत्यांनीच त्याच्यासाठी दुरुस्त्या लिहून मोफत ठेवल्या आहेत. त्या बसवल्या की राजपुत्र पुन्हा फराहच्या सज्जात येतो आणि सारी हकिकत सांगतो. ती विश्वास ठेवत नाही. नाव काय, असे ती विचारते, तेव्हा तो आपल्या नावाऐवजी तिच्या आईचा तो शब्द सांगून निघून जातो.