पळस्पे ते लेह : मागे ट्रेलर जोडून जाताना

मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर पनवेल ओलांडले की पळस्पे फाटा लागतो. गोव्याचा रस्ता येथून फुटतो, तर न्हावाशेवा बंदराकडून येणारा रस्ता येथे येऊन मिळतो. कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची रांग येथे नित्याचीच. आता मोटारीमागे लहान ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन जोडून दूरच्या सफरीला निघण्याची हौसही दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा हौशी प्रवाशांपैकी अनेकांच्या मनात लडाख असते. मात्र हिमालयात ट्रेलर चढवण्यापेक्षा तो उतरवणे आणि प्रसंगी मागे वळवणे अधिक कठीण असते, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यायला हवे.

कागदपत्रे आणि वजन

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा आवश्यक ठरतो. गाडी किती वजन ओढू शकते, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. तशी मर्यादा दिलेली नसल्यास त्या गाडीला ट्रेलर जोडू नये. जड सामान चाकांच्या आसपास, तळाशी ठेवावे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीच्या हुकावर येणे इष्ट. मागचा भाग जड झाला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. अशा वेळी करकचून ब्रेक न मारता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

बोरघाटातील तालीम

पहिला सराव घराजवळच करता येतो. पळस्प्याहून खोपोलीमार्गे खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे. १८३० मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या या घाटरस्त्यात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ही आख्यायिका वाहनचालकांना परिचित आहे. पूर्ण सामान भरून, गर्दी नसलेल्या वेळी हा घाट चढून उतरावा. उतारावर सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवून इंजिनाला वेग रोखू द्यावा. पाय सतत ब्रेकवर राहिल्यास ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि अखेरीस ते लागेनासे होतात. खोपोलीत पोहोचल्यावर असा वास येत असेल, तर हिमालयाचा बेत पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

उत्तरेचा मार्ग

पळस्प्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असे करीत दिल्लीस पोहोचतो. नाशिकमार्गे जाताना लागणारा कसाऱ्याचा घाट या मार्गाने टळतो. पुढे अंबाला, मंडी, मनाली आणि लेह असा एकूण प्रवास सुमारे अडीच हजार किलोमीटरचा होतो. जुलै २०२३ मधील बियास नदीच्या पुराने कुलू-मनाली रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. म्हणून ऐन पावसाळा टाळावा. मनाली-लेह रस्ता साधारणतः मे-जून ते ऑक्टोबर खुला असतो. निघताना त्याची स्थिती तपासावी.

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढण टळली. पण त्यापुढे सुमारे ४,९०० मीटर उंचीची बारालाचा ला, त्यानंतर लाचुलुंग ला आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीची तांगलांग ला या खिंडी आहेतच. वाटेतील गाटा लूप्स येथे लागोपाठ २१ तीव्र वळणे आहेत. वळताना ट्रेलरची चाके गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे वळण रुंद घ्यावे लागते आणि समोरून लष्करी ताफा आला तर मागे सरकणे जवळजवळ अशक्य होते. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. बर्फ वितळून नाल्यांचे पाणी दुपारनंतर चढते. ते सकाळीच ओलांडावेत. टांडी येथे टाकी पूर्ण भरावी आणि ट्रेलरमुळे इंधन अधिक लागते हे धरून हिशेब करावा.

विरळ हवा

तांगलांग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते आणि माणसालाही धाप लागते. केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढाव्यात. सुमारे ४,३०० मीटरवरील सरचू येथे पहिलाच मुक्काम करू नये. डोकेदुखी, उलटी होत असल्यास आणखी वर जाऊ नये. तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णाला तातडीने खाली आणावे. त्या वेळी मागे जोडलेला ट्रेलर अडसर ठरतो.

म्हणूनच मनालीपर्यंत ट्रेलर न्यावा, तेथे सुरक्षित जागी ठेवावा आणि पुढे केवळ गाडीने लेह गाठावे, हा नवख्यांसाठी उत्तम पर्याय आहे. ट्रेलर पुढे नेण्याचा आग्रहच असेल, तर सोबत दुसरी गाडी आणि घाटात मुरलेला चालक हवा. हातात दोन दिवस शिल्लक ठेवावेत. घाटात घाईने केलेली चूक दुरुस्त करण्यास जागा मिळत नाही.