दारातल्या मारेकऱ्याची कुळकथा

नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मारेकरी हमखास येतो. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, मारेकरी दार ठोठावतो आणि विचारतो, ‘तो आत आहे का?’ खोटं बोलायचं की नाही? कांट म्हणतो, नाही. वर्ग हसतो, कांट किती कर्मठ होता यावर एकमत होतं आणि मास्तर पुढच्या धड्याकडे वळतात. मला या मारेकऱ्याचा नाद लागला तो कांटच्या निबंधातल्या एका तळटीपेमुळे. तिथे कांट म्हणतो की हे मी कुठेतरी खरंच म्हटलं आहे, पण नेमकं कुठे, ते आता आठवत नाही.

ही टीप सप्टेंबर १७९७ ची. कांट तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. ज्या उदाहरणाने त्याची दोन शतकं चेष्टा झाली ते त्याने आधी कुठे लिहिलं होतं, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना. त्याच्या तोवरच्या छापील पुस्तकांत दारातला मारेकरी सापडतही नाही. उलट १७८० च्या दशकात त्याच्या विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या व्याख्यानांच्या वह्या पाहिल्या तर तिथला कांट बराच व्यवहारी आहे. कुणी गळा धरून ‘पैसे कुठे ठेवलेत?’ असं दरडावलं तर त्याला खरं सांगण्याची गरज नाही, असं तो वर्गात सांगत होता. मग हा मारेकरी त्याच्या दारात सोडला कुणी?

सोडला बेंजामिन कॉन्स्टंटने. हा एकोणतिशीतला स्विस-फ्रेंच लेखक राजकारणात नाव काढायला पॅरिसला आलेला होता. रोबेस्पिएरच्या दहशतीला तीनच वर्षं झाली होती. संशयिताला घरात लपवणं आणि दारात क्रांतिसमितीची माणसं उभी राहणं हे त्या शहराने कल्पनेत नव्हे, प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. कॉन्स्टंटने आपल्या पुस्तिकेत लिहिलं की सत्य बोलण्याचं तत्त्व सरसकट लावलं तर समाजच चालणार नाही. एक जर्मन तत्त्ववेत्ता तर मारेकऱ्याशीसुद्धा खोटं बोलणं गुन्हा मानतो. नाव त्याने लिहिलं नाही. पुस्तिकेचं जर्मन भाषांतर क्रामर नावाच्या संपादकाच्या मासिकात आलं आणि टीप जोडली गेली की हा तत्त्ववेत्ता म्हणजे कांट, असं खुद्द कॉन्स्टंटनेच आपल्याला सांगितलं. त्यालाच जोडून आणखी एक गोष्ट आली: हे चमत्कारिक मत याआधी गॉटिंगेनच्या योहान डाविड मायकेलिसने मांडलं होतं.

म्हणजे उदाहरणाला एकाच पानावर दोन बाप मिळाले. मायकेलिस १७९१ मध्ये वारलेला, त्यामुळे तो काही बोलू शकत नव्हता. हा माणूस मुळात हिब्रू आणि अरबीचा पंडित. बायबलातल्या शंका सोडवायला अरबस्तानात माणसं पाठवावीत हे त्याच्याच डोक्यातून निघालं आणि १७६१ ची डॅनिश मोहीम निघाली. तिच्यातला जिवंत परतलेला एकटा कार्स्टेन नीबुर मुंबईत येऊन राहिला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढून गेला. (मारेकऱ्याशी याचा काडीचा संबंध नाही, पण राहवलं नाही.)

पुष्कळ अभ्यासक मायकेलिसच्या बाजूने कौल देतात: कॉन्स्टंटने ऐकीव गोष्ट चुकीच्या माणसाच्या नावावर खपवली आणि म्हाताऱ्या कांटने भिडेखातर मान्य केली. पटत नाही. कांट भिडेचा माणूस नव्हता. मला वाटतं, त्याने सही केली ती त्याच्या मनात एक दार खरोखरच ताजं होतं म्हणून. त्याच उन्हाळ्यात त्याचं सद्गुणांवरचं पुस्तक बाहेर पडलं होतं. त्यात खोटेपणाच्या प्रकरणाशेवटी एक छोटा प्रश्न आहे. मालकाने नोकराला बजावलंय, कुणी आलं तर मी घरी नाही म्हणून सांग. नोकर तसं सांगतो. तेवढ्यात मालक मागून सटकतो आणि मोठा गुन्हा करतो. खरं सांगितलं असतं तर पकडायला आलेल्या शिपायाने तो टाळला असता. दोष कुणाचा? नोकराचाही, असं कांटचं उत्तर.

आता काही आठवड्यांनी आलेला निबंध उघडा. तिथे कांट म्हणतो, तुम्ही मारेकऱ्याला ‘तो घरात नाही’ म्हणालात आणि तुमच्या नकळत मित्र खरोखरच बाहेर सटकला होता, तर मारेकरी त्याला रस्त्यात गाठेल आणि त्या मृत्यूचा जाब तुम्हाला विचारता येईल. खरं सांगितलं असतं तर तो घर धुंडाळेपर्यंत शेजारीपाजारी धावून आले असते. कायद्याच्या नजरेने हे बरोबर की चूक ते सोडा; पण मागच्या दाराने सटकणारा माणूस दोन्हीकडे आहे, दारातला खोटेपणा दोन्हीकडे आहे, जबाबदारीचा हिशेबही तोच आहे. फक्त पहिल्या गोष्टीत दारात शिपाई आणि आत गुन्हेगार, दुसरीत दारात गुन्हेगार आणि आत निरपराध. कॉन्स्टंटचं उदाहरण वाचून कांटला आपलंच लिखाण अर्धवट आठवलं आणि आरशातली उलटी प्रतिमा त्याने स्वतःची म्हणून मान्य केली, असा माझा दावा आहे. मायकेलिसवाल्यांना या सटकणाऱ्या माणसाचा उलगडा करता येत नाही.

कॉन्स्टंटचं स्वतःचं उत्तर होतं की सत्य सांगण्याचं कर्तव्य फक्त त्याच्यापाशी, ज्याला सत्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं वाईट करायला निघालेल्याला तो नाही. हे जुनं भांडवल आहे. १६२५ मध्ये ह्यूगो ग्रोशियसने युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरच्या ग्रंथात खोट्याची व्याख्याच बदलली होती: ऐकणाऱ्याचा हक्क मोडला तरच ते खोटं. बारा शतकं खोटं म्हणजे बोलणाऱ्याच्या मनाचा डाग होता. ग्रोशियसने त्याचं ऐकणाऱ्याच्या मालमत्तेवरचं अतिक्रमण करून टाकलं. वकीलच तो.

पण निव्वळ वकिलीने हे सुचलं असं मी मानत नाही. १६१९ मध्ये हॉलंडमधल्या धर्मपंथांच्या भांडणात ग्रोशियसला जन्मठेप झाली आणि लोफेस्टाइनच्या किल्ल्यात डांबलं गेलं. बायको मारिया सोबत राहत होती. वाचायला पुस्तकांची पेटी बाहेरून येई, वाचून झाली की परत जाई. सुरुवातीला शिपाई ती उघडून पाहत, पुढे कंटाळले. मारियाने हे हेरलं. पेटी जेमतेम चार फुटांची. नवऱ्याला तिच्यात अंग मुडपून, श्वास सांभाळून बसायची तिने सवय करवली आणि २२ मार्च १६२१ ला पेटी बाहेर निघाली. उचलणारे शिपाई कुरकुरले, एवढी जड कशी, आत एखादा आर्मिनियनच, म्हणजे ग्रोशियसच्या पंथाचा माणूसच, बसलाय की काय! आर्मिनियनांची पुस्तकं आहेत, असं उत्तर मारियाने दिल्याचं सांगतात. पेटीसोबत नावेतून गेली ती एल्सिए नावाची विशीतली मोलकरीण. तिने वाटेत नावाड्यांना आणि पलीकडच्या गावातल्या लोकांना हसून बनवलं. ग्रोशियस गवंड्याच्या वेशात सरहद्द ओलांडून पॅरिसला पोचला आणि चार वर्षांत ग्रंथ छापून मोकळा झाला.

ग्रंथात त्याने दाखले दिले प्लेटोचे, झेनोफनचे, स्टोइकांचे. पेटीचा उल्लेख नाही. प्रतिपक्ष म्हणेल की हे सारे दाखले त्याला आधीपासून तोंडपाठ होते, पेटीची गरज काय? दाखले होतेच. पण पहारेकऱ्याला सत्याचा हक्क नाही हे तत्त्व ज्याने बाहेरचं बोलणं ऐकत, अंधारात गुडघे छातीशी धरून अनुभवलं, त्याला ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. ‘सत्याचा हक्क’ ही कल्पना त्या पेटीतून बाहेर आली आणि तिचा अर्धा मान एल्सिएला जातो, असं मी खुशाल म्हणतो.

ग्रोशियसच्या आधी युरोपात हा प्रश्न चर्चच्या ताब्यात होता. इसवी सन ३९५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने खोटेपणावर पुस्तिका लिहिली आणि त्यात फिर्मस नावाच्या बिशपची गोष्ट सांगितली. त्याने एका माणसाला लपवलं होतं. सम्राटाचे शिपाई आले. फिर्मस म्हणाला, मी खोटं बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हवालीही करणार नाही. छळ झाला, तरी तो बधला नाही. शेवटी सम्राटाने त्याच्या निर्धारावर खूश होऊन लपलेल्यालाही माफी दिली. ऑगस्टीनचं पारडं सरळ सत्याकडे झुकलेलं आहे, पण गोष्ट सुटते ती दयाळू सम्राटामुळे. मारेकऱ्यांत दयाळू सम्राट विरळा.

म्हणून पुढच्या पंडितांनी पळवाटा काढल्या. संत फ्रान्सिसची गोष्ट त्यातली सगळ्यांत गोड. पाठलाग करणाऱ्यांनी विचारलं, अमका इकडून गेला का? त्याने हात झग्याच्या बाहीत घातले आणि म्हणाला, इकडून नाही गेला. म्हणजे बाहीतून. असल्या बोलण्याला शास्त्राचं रूप दिलं मार्टिन दे अस्पिल्कुएताने, १५८० च्या दशकात: अर्धं वाक्य तोंडाने बोला, उरलेलं मनात देवापुढे पूर्ण करा, सगळं मिळून खरं झालं की पाप नाही. गोव्याच्या वाचकांना हे आडनाव ओळखीचं वाटावं. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरची आई याच अस्पिल्कुएता घराण्यातली. इंग्लंडमध्ये या शास्त्रापायी जेझुइट फादर गार्नेट बदनाम होऊन १६०६ मध्ये फासावर गेला, ‘मॅकबेथ’मधल्या द्वारपालाच्या तोंडी तिरकस टोला आला, आणि पुढे पास्कालने या मंडळींची पुरती शोभा केली. १६७९ मध्ये पोपनेच ही मनातली पुरवणी निषिद्ध ठरवली.

बाहीची गोष्ट वाचली की आपल्याकडच्या माणसाला देवीभागवत आठवतं. तिथे सत्यव्रत म्हणून ओळखला जाणारा अडाणी ब्राह्मण आहे. बाण लागलेला रानडुक्कर त्याच्या झोपडीजवळून झुडपात शिरतो, मागून निषाद येतो आणि विचारतो, डुक्कर कुठे गेला? तो उत्तरतो की जी पाहते ती बोलत नाही आणि जी बोलते ती पाहत नाही. डोळा आणि जीभ. निषाद कंटाळून निघून जातो. युक्ती तीच: वाक्य खरं, फसवणूक पुरी.

मग गोष्ट भारतातून तिकडे गेली का? हा मोह फार मोठा आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात आणि तिथून अरबीमार्गे युरोपात गेलं. बुद्धाचं चरित्र तर ख्रिस्ती संताचं होऊन बसलं. पण प्रवासी गोष्टी आपली कळ सोबत नेतात आणि इथे कळ वेगळी आहे. बाही आणि जीभ एकमेकांची भाषांतरं नव्हेत. फिर्मस तर पंचतंत्राच्या प्रवासाआधीचा. माझं मत असं की ही गोष्ट जिथे तिथे नव्याने उगवते, कारण तिला लागणारी जमीन दोन्हीकडे होती: वस्तीच्या कडेला राहणारा, सत्याचं व्रत घेतलेला आणि पळणाऱ्याला सहज गाठता येईल असा माणूस. संन्याशाची झोपडी नसेल तर पॅरिसमधलं घर.

हा प्रश्न मराठीत एका जागी वाचायला मिळतो तो गीतारहस्यात. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण लिहिलं तेव्हा त्यांनी मिल, सिज्विक, लेस्ली स्टीफन यांना साक्षीला बोलावलं आणि साहेबाचे नीतिशास्त्रज्ञसुद्धा चोराशी खोटं बोलायला परवानगी देतात, हे दाखवलं. मूळ आधार मात्र त्यांनी घेतला कर्णपर्वातल्या कृष्णाच्या बोलण्याचा.

तिथला कौशिक गावाजवळ, नद्यांच्या संगमावर राहतो. सदा खरं बोलायचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने माणसं रानात शिरतात, दरोडेखोर येऊन याला विचारतात, हा झाडीकडे बोट दाखवतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. फिर्मसच्या गोष्टीचा निकाल इथे उलटा, तोही आडपडदा न ठेवता.

या गोष्टीवर कांटच्या संदर्भात लिहिणारे, अगदी बिमल कृष्ण मतिलालांसारखे जाणते अभ्यासकही, तिच्याकडे मुख्यतः सत्यविषयक सिद्धांत म्हणून पाहतात. मला ती बचावाचं भाषण वाटते. सतराव्या दिवशी कृष्ण ती अर्जुनाला सांगतो आहे. पंधराव्या दिवशी याच कृष्णाने युधिष्ठिराला, जीव वाचवण्यासाठी बोललेल्या खोट्याचं पाप लागत नाही म्हणून पटवलं आणि द्रोण पडले. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण रोज वापरतो ते शब्द भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाहीत. तिथे धर्मराज ‘हत्ती’ एवढंच अस्पष्ट पुटपुटतो, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. ते खोटं अर्जुनाला रुचलं नव्हतं, हे द्रोणपर्व स्पष्ट सांगतं. दोन दिवस आत धुमसलेल्या माणसाला कौशिक ऐकवला जातोय, हे विसरून चालणार नाही. ही गोष्ट मागाहून घुसडली असं म्हणणाऱ्यांनी घुसडणाऱ्याच्या नेमाला दाद द्यावी.

निमित्तही तसंच. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं म्हणणाऱ्याला ठार मारीन ही अर्जुनाची प्रतिज्ञा. तो सख्ख्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण कौशिक सांगून झाल्यावर तोडगा देतो: वडीलधाऱ्याला अरेतुरे केलं की तो मेल्यातच जमा, तेव्हा तलवार ठेव आणि त्याला ‘तू’ म्हण. अर्जुन धर्मराजाला यथेच्छ अरेतुरे करतो. मग पश्चात्ताप होऊन स्वतःचंच मस्तक उडवायला पुन्हा तलवार उपसतो. त्यावरही उपाय तयार असतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येच्याच बरोबरीची. अर्जुन उभ्या जागी स्वतःचे गोडवे गातो, भावाचे पाय धरतो, आणि दिवस मावळायच्या आत चाक रुतलेल्या कर्णाला मारून येतो. त्या वधाच्या न्याय-अन्यायाचा वाद वेगळा आणि याहून कितीतरी लांबलचक आहे.