उसवून शिकलेलं काम

शिवणाऱ्या बाईने कटिंग दाखवलं नाही, तर आपण काय करतो? जुना ब्लाऊज उसवतो आणि त्यावरून माप काढतो. अमेरिकेतल्या एका बाईच्या घरचा धंदा असाच उभा राहिला. तिची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. तिथल्या रोस्को गावाजवळ विलोवीमॉक आणि बीव्हरकिल या नद्या मिळतात. त्यांत ट्राउट मासा असतो. गळावर पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, तिला भुलून ट्राउट गळाला लागतो. हा मासा चोखंदळ. पाण्याखालची अळी, पाण्याच्या वरच्या थरात कातीतून निम्मी बाहेर आलेली माशी आणि उडायला तयार झालेली माशी, या तिन्हींसाठी वेगवेगळी बांधणी लागते. निम्मी बाहेर आलेली बिचारी उडू शकत नाही, म्हणून मासा तिच्यावर टपलेला असतो. तिला कोंबडीचं मऊ पीस चालतं. वर तरंगणाऱ्या माशीला मात्र कोंबड्याच्या मानेचं ताठ पीसच हवं. इतकी वर्षं कोंबड्या पाळतोय, पण हा फरक आम्ही कधी पाहिला नव्हता!

१९२८ च्या सुमाराला रोस्कोच्या विनी आणि वॉल्ट डेट या नवराबायकोने हे काम शिकायचं ठरवलं. रूब क्रॉस हा त्या भागातला नावाजलेला कारागीर. त्याला पैसे देऊ केले, तरी तो शिकवेना. त्याचंही पोट त्यावरच होतं, म्हणून आम्ही त्याला फार दोष देत नाही. मग विनी, वॉल्ट आणि त्यांचा मित्र हॅरी डार्बी यांनी क्रॉसच्याच माश्या विकत आणल्या आणि एकेक वेढा सोडवत गेले. उसवताना शेवटचा वेढा आधी सुटतो, म्हणजे सगळं उलट्या क्रमाने ध्यानात ठेवायचं. नखाएवढ्या वस्तूत हे किती किचकट, विचार करा.

पुढे काम वाढलं, तेव्हा एल्सी बिव्हिन्स नावाची मुलगी हाताशी घेतली. तिने हॅरीशी लग्न केलं आणि त्या दोघांनी आपला वेगळा धंदा मांडला. ज्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांच्याकडे शिकलेलीच समोर धंद्याला उभी राहिली! तरी दोन्ही घरं चालली.

विनी आयुष्यभर माश्या बांधत राहिली. दुकानावर नवऱ्याचं आडनाव, पण काम दोघांचं. त्यांची मुलगी मेरी हिनेही हाच धंदा केला. दुकान आता जवळच्या लिव्हिंग्स्टन मॅनर गावात आहे आणि विनीचा पणतू ते चालवतो.