वऱ्हाडची शिकार आणि बंदुकीचें माप

शेगांवभोंवतीं काळी, कपाशीची, सपाट जमीन. पूर्णा ओलांडून उत्तरेस गेलें कीं सातपुड्याचें रान. सपाटीवर काळविटावर दीडशें पावलांवरून नेम धरावा लागे, तर मेळघाटच्या बांबूंत गवा वीस पावलांवर उभा ठाके. दोहोंस एकच बंदूक कशी पुरावी, हा प्रश्न येथें शिकार करणाऱ्या गोऱ्या अंमलदारांस पडे.

पुढें निमाडांत अधिकारी झालेल्या जेम्स फॉर्सिथनें १८६३ सालीं या विषयावर ग्रंथच लिहिला. त्या वेळीं दारू काळी. तिनें गोळीचा वेग फारसा वाढत नसे, म्हणून जोर हवा तर गोळी जड, आणि गोळी जड तर नळी रुंद. फॉर्सिथचें मत असें कीं, नळी रुंद व गोळी गोल असावी, दारू भरपूर घालावी. मात्र नळींतील चरांचा पीळ मंद ठेवावा, नाहीं तर गोळी चर सोडून निसटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि हा हिशेब पालटला. अरुंद नळींतली लांबट गोळीहि आतां खोल शिरूं लागली. १९०७ सालीं सरकारनें हिंदुस्थानांत ४५० मापाच्या बंदुकांस बंदी केली. त्यांचीं काडतुसें बंडखोरांजवळच्या जुन्या मार्टिनी-हेन्रींस उपयोगीं पडतील, ही भीति. विलायतेच्या कारागिरांनीं लागलींच ४६५, ४७० अशीं मापें काढलीं! भीति मापाची होती, जोराची नव्हे.

१९१२ सालीं हॉलंड अँड हॉलंडची ३७५ मॅग्नम निघाली. हलकी गोळी हरणास, तीनशें ग्रेनांची गव्यास. आमच्या मतें 'एकच बंदूक' या प्रश्नाचें खरें उत्तर हेंच. परंतु उत्तर चुकलें तर त्याची किंमत कोण देई? साहेब मचाणावर असे. जखमी जनावरासमोर झुडपांत पायीं असत ते हाका घालणारे कोरकू. बंदुकीच्या ग्रंथांत मापांचे कोष्टक असतें, त्यांचा हिशेब नसतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ही चर्चा मिटविली; १९७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. २०१९ सालीं टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेराशें किलोमीटरांहून अधिक चालून खामगांव-बुलढाण्याच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याच्या गळ्यांत पट्टा होता, आणि त्याच्या मागावर असलेल्यांजवळ रायफलीऐवजीं त्या पट्ट्याचा संदेश टिपणारें यंत्र होतें.