उच्चस्तरीय वारे आणि अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ : सातारा-सांगलीच्या संदर्भात

प्रस्तावना

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे ‘ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. सुमारे १५ मेगाटनांचा हा स्फोट अपेक्षेच्या दुपटीहून अधिक शक्तिशाली ठरला. उंचावरील वारे प्रतिकूल होत असल्याचे आदल्या रात्रीच निदर्शनास आले होते. तरीही चाचणी थांबविली गेली नाही. परिणामी पूर्वेकडील रोंगेलॅप बेटाचे रहिवासी आणि एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशी किरणोत्सारी धुळीच्या माऱ्यात सापडले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित करण्याचे आवाहन केले.

मापनाची पद्धत

उंचावरील वारे मोजण्यासाठी हायड्रोजनने भरलेला फुगा सोडून थिओडोलाइटने ठराविक अंतराने त्याचे कोन टिपले जात. त्यावरून प्रत्येक थरातील वाऱ्याची दिशा व वेग काढता येई. मात्र पावसाळ्यात फुगा ढगांत दिसेनासा होतो. त्यामुळे रेडिओ व रडार यांच्या साहाय्याने फुग्याचा मागोवा घेण्याची पद्धत आवश्यक ठरली.

सातारा-सांगलीचा संदर्भ

या मापनाचे महत्त्व सह्याद्रीच्या परिसरात विशेष जाणवते. पावसाळ्यात महाबळेश्वर व कोयना खोऱ्यात जमिनीलगतचे वारे पश्चिमेकडून येतात. परंतु सुमारे १४ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वाहणारा वेगवान प्रवाह असतो. पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजेच केवळ जमिनीवरील वाऱ्यावरून धुळीचा मार्ग ठरविल्यास अनुमान नेमके उलट होण्याचा संभव असतो.

धूळ कोठे उतरेल, हे बहुतांशी पाऊस ठरवितो. महाबळेश्वरला वार्षिक सरासरी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. दूरवरून आलेली सूक्ष्म धूळ पावसाबरोबर खाली येत असल्याने घाटमाथ्यावर तिचे प्रमाण अधिक राहणे स्वाभाविक होय. तेथूनच कृष्णा-कोयनेचे पाणी सांगलीच्या शेतीपर्यंत पोहोचते.

निष्कर्ष

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारताने वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर स्वाक्षरी केली. करारात सामील न झालेल्या चीनने १९८० पर्यंत अशा चाचण्या केल्या. त्यामुळे वाऱ्यांच्या नोंदींची निकड १९६३ नंतरही टिकून राहिली. फुगा धोक्याची दिशा दाखवू शकतो, पर्जन्यमापक तो कोठे उतरेल याची कल्पना देतो. परंतु स्फोट थांबविण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, हे ‘ब्राव्हो’च्या इतिहासावरून स्पष्ट होते.